शाळेचे सभासद कोण?



खोडव्याची निगा, पाचट कुजवणे, लागणीचे बेणे हे आमचे नेहमीचे विषय. या वेळी थोडे बांधाबाहेर जात आहोत. ऊस नोंदीच्या पाहणीला हिंडताना एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला थांबवले. म्हणाले, "साहेब, गावच्या शाळेत एक मास्तर कमी आहे. पूर्वी सभापतींच्या दारात जाऊन बसलं की काहीतरी व्हायचं. आता म्हणत्यात, सगळं कॉम्प्युटरवर असतंय. मग आम्ही धरायचं कुणाला?" आम्हालाही चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून माहिती काढली, ती येथे देत आहोत.

प्राथमिक शाळेची दोरी आजवर बऱ्याच हातांतून फिरली आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ती सरकारकडून लोकल बोर्डाकडे आली, तर १९४७ च्या कायद्याने बराच कारभार पुन्हा सरकारी अधिकाऱ्याकडे गेला. पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा त्यांच्या शिक्षण समितीखाली आल्या. आमच्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो हा काळ. यात वशिला चालायचा हे खरे, पण माणूस ओळखीचा असायचा आणि पाच वर्षांनी मत मागायला यायचा.

२०१० नंतर चित्र पालटले. शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून राज्याच्या ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्या आणि भरतीसाठी पवित्र पोर्टल आले. पगारही 'शालार्थ'वरून. बदलीतला बाजार थांबावा हा हेतू चांगलाच, त्याला आमचे नाव ठेवणे नाही. परंतु गावाच्या हातून एक दार निसटले. त्यातच २०१७ ला निवडून आलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच होते. शिक्षण समितीत प्रश्न विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता.

याचा फटका कसा बसतो ते आम्ही आमच्या मुलखात पाहतो. आमचे मूळ गाव पूर्णगड, तालुका रत्नागिरी. वर किल्ला, खाली मुचकुंदीची खाडी, पलीकडे गावखडी. घरटी माणूस मुंबईला, म्हणून त्या बाजूच्या वाड्यांतून शाळांचा पट उतरत चालला आहे. २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकाच वेळी आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावाकडे गेले आणि कित्येक शाळांची पंचाईत झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी मागवले. नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कागदावर किलोमीटर मोजता येतो. मधला पऱ्या पावसाळ्यात किती भरतो आणि सहा वर्षांचे पोर तो कसे ओलांडणार, हे तिथल्या पालकांनीच लिहून द्यावे लागते.

ते लिहून देण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतूनच, मुख्याध्यापक सचिव. शाळेचे काम पाहणे, आलेले अनुदान कसे खर्चले ते तपासणे आणि शाळा विकास आराखडा करणे हे तिचे काम. किती मुले, किती शिक्षक लागतात, कोणत्या खोल्या हव्यात, हे सारे त्या आराखड्यात येते. शिक्षक नेमण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार मात्र समितीला नाही, हे आधीच सांगतो. पण शिक्षक कमी आहे हे ठरावाने आणि आराखड्यात नोंदवले, तर वरच्या कार्यालयाला "आम्हाला कोणी कळवले नाही" असे म्हणता येत नाही.

आपल्याशी जवळचा संबंध असलेली एक बाब. दिवाळीच्या सुमारास तोडणी टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहणे हे या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अडचण अशी की शिक्षकांची संख्या ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि टोळ्या येतात त्यानंतर. मुले वाढतात, शिक्षक तेवढेच. गेल्या हंगामात किती मुले आली होती हे आमचे चिटबॉय सांगू शकतील. समितीने मागितल्यास ती माहिती गट कार्यालयातून जरूर द्यावी, अशी आमची इच्छा आहे.

हे सारे त्या सभासदांना सांगायला आम्ही पुन्हा गेलो. ओट्यावर ऐकत बसलेल्या त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मी आहे की त्या समितीत. दोन वर्षं झाली. सही न्यायला घरी माणूस येतो." आम्ही विचारले, "बैठक?" त्या नुसत्या हसल्या. सासरे मात्र चिडले. कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल हाती पडला नाही तर माईक धरणारा हा माणूस! घरातली सही कोऱ्या इतिवृत्तावर जाते हे त्यांना त्या दिवशी कळले.

आता त्यांनी ठरवले आहे, सही शाळेतच जाऊन करायची आणि आधी रजिस्टर वाचायचे. सूनबाईंनी आम्हाला एक विचारून ठेवले आहे: अनुदानाचे पासबुक बघायला मागितले तर चालते का? चालते. खर्चावर देखरेख ठेवणे हे समितीचे कामच आहे.