ऑक्झलेटची वाट

चुंबकीय ऑक्साइडच्या नॅनोकणांचा इतिहास सांगताना सगळे १९८१ साली अदबीने थांबतात. त्या वर्षी पॅरिसमध्ये रने मासार यांनी फेरस-फेरिक क्षारांच्या द्रावणात अमोनिया घालून स्थिर चुंबकी द्रव मिळवला. थांबावंच, काम तसं आहे. पण त्याच वर्षी पुणे विद्यापीठातून राणे, निकुंभ आणि मुखेडकर यांचा फेरस ऑक्झलेटपासून गॅमा फेरिक ऑक्साइड करण्यावरचा शोधनिबंध आला, हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

मासार यांच्या त्या सहअवक्षेपणावर नव्याने काय लिहायचं? फेरस-फेरिकचं एकास दोन प्रमाण, अल्कली पडताच काळा साका, मग धूत बसणं. हायड्रोथर्मल आणि मायक्रोइमल्शनचे आढावे ढिगाने आहेत. कोरियातल्या ह्यॉन यांच्या गटाने २००४ साली लोहाच्या ओलिएटपासून एकसारखे कण ग्रॅमांच्या मापात काढले. काम मोठं, पण पाण्यातल्या, म्हणजे ओल्या, पद्धतींशी त्याचा संबंध थोडा.

ऑक्झलेटचं तसं नाही. फेरस सल्फेटच्या द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल पडलं की लख्ख पिवळा साका बसतो. हायड्रॉक्साइडसारखा तो चिकट नसतो, गाळणकागद तुंबवत नाही. मँगनीज-जस्त सोबत असतील तर तेही त्याच स्फटिकात शिरतात. म्हणूनच फेराइट, म्हणजे लोह आणि या धातूंचं मिळून चुंबकी ऑक्साइड, व्हायला हजारावर अंशांची भट्टी आणि दिवसदिवसाचं दळण लागत नाही. काही जाणकार म्हणतात, भट्टीत गेलं म्हणजे ती ओली पद्धत राहिली नाही. मला हे कधीच पटलं नाही. अणूंची सरमिसळ बीकरमध्येच झालेली असते, भट्टी फक्त ऑक्झलेट मोडून ऑक्साइड करते.

पुढे गोवा विद्यापीठात राणे आणि वेरेणकर यांनी या क्षारांत हायड्राझीन आणलं. बशीत पूड तापवली की एका कडेला ठिणगी धरते, निखारा सरकत पलीकडे जातो आणि मागे फुगलेली तपकिरी राख उरते. चुंबक जवळ नेला की ती राख उभी राहते. हायड्राझीन विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय त्याला हात लावू नये. पण तेवढ्यासाठी वाटच सोडून द्यावी? २००१ साली याच मंडळींनी सिलिका-ॲल्युमिनाने भरलेल्या, टाकून दिलेल्या लोहखनिजातून ९६ ते ९९.७ टक्के शुद्ध ऑक्साइड काढून दाखवलं. आजच्या किती नॅनो-प्रबंधांत कच्च्या मालाचा असा विचार दिसतो?

गॅमा ऑक्साइडचा लेप असलेली कॅसेट गेली, आता ते कुणाला हवं, असंही ऐकतो. मोबाइलच्या चार्जरमध्ये फेराइटचा गाभा आहेच ना! त्यालाही चांगलं लोह ऑक्साइड लागतंच.

ठाकुर्लीला माझ्याकडे एम.एस्सी.ची मुलं प्रकल्प घेऊन येतात. जवळजवळ सगळ्यांचं एकच: नायट्रेट, सायट्रिक आम्ल, जेल, भडका, क्ष-किरणांच्या एका शिखरावरून कणाचं माप, संपलं. दुसऱ्या वेळी तेच मिळालं का? माल किती हाती आला? उत्तर नसतं. चार स्टेशनांवर अंबरनाथला नौदलाची पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे, शेजारी डोंबिवलीचे रासायनिक कारखाने. तिथे मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

मी त्यांना एकच प्रयोग सुचवतो. पिवळ्या साक्याचे दोन भाग करा. एक कोरड्या हवेत तापवा, दुसऱ्यावरून पाण्यात बुडबुडवून ओली केलेली हवा सोडा, आणि दोन्हींजवळ चुंबक नेऊन पाहा.