मीठ, पाणी आणि पोट

मढला माझा लहानसा दवाखाना आहे. ताप, खोकला, बोटात मोडलेला माशाचा काटा हे रोजचेच. पण एक तक्रार सांगण्यापूर्वी कोळणी दाराचा पडदा नीट ओढला आहे ना, हे पाहून घेतात.

अशीच एक मावशी आली. "डाक्टर, चार-चार दिस पोट साफ होत नाय." पोट तपासले, काळजीचे काही आढळले नाही. (रक्त पडणे, वजन घटणे, ओकाऱ्या असे असते, तर गोष्ट वेगळी!) मी लॅक्टुलोजचे गोड औषध लिहून दिले. आठवड्याने मावशी पुन्हा हजर! पोट साफ होत होते. पण ते नगाऱ्यासारखे फुगे आणि बाजारात चारचौघींत बसायची पंचाईत होई.

गंमत अशी, की हा त्या औषधाच्या गुणाचाच भाग. लॅक्टुलोज ही दुधातल्या साखरेपासून बनवलेली एक साखर. ती फोडणारा पाचकरस आपल्याजवळ नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात. त्यातून आम्ले होतात, आतड्यात पाणी ओढले जाते, आणि वायूही होतो. यकृताच्या काही रोग्यांना तीच आम्ले अमोनिया बाहेर टाकायला उपयोगी पडतात, म्हणून तिथे हे औषध मोलाचे.

"सुरमईला मीठ चोळलं की पाणी सुटतं ना? तसंच हे," मी म्हटले.

"मंग मीठच द्या की!"

मावशी काही चुकीचे बोलली नव्हती. मिल्क ऑफ मॅग्नेशिया त्याच जातीचे. परंतु मूत्रपिंडे अधू असली तर मॅग्नेशियम रक्तात साठते. मावशीच्या वयाला ते रोज देणे मला पटेना.

मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे चूर्ण दिले. १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. याचे लांबलचक रेणू रक्तात जवळजवळ शिरत नाहीत आणि जंतूंनाही पचत नाहीत. सोबत प्यालेले पाणी धरून ते शेवटपर्यंत जातात. वायूचा त्रास बेताचाच. २०१० साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी १० चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात लॅक्टुलोजपेक्षा हेच सरस ठरले. मात्र दोन्हींना गुण यायला एक-दोन दिवस, कधी तीनही लागतात. घाई करून मात्रा वाढवू नये.

"आणि पाणी भरपूर प्या," मी सहज म्हणालो.

मावशी हसली. "पानी पिऊन जायचं कुठं? बाजारात बायांना जागा हाय का?"

पहाटेपासून दुपारपर्यंत ती जेमतेम घोटभर पाणी पीत होती! हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मला तो सुचलाच नव्हता.

आता ती चूर्ण संध्याकाळी घरी आल्यावर घेते, वर दोन तांबे पाणी पिते. बाजाराच्या वेळात मात्र अजूनही घोटभरच.