आमच्या मॅटाडोरचे पासिंग

परीक्षा म्हटली की पोटात गोळा येतो, हा आपणा सर्वांचा अनुभव. पण आपली परीक्षा निदान कधीतरी संपते. आमच्या घरी एक अशी विद्यार्थिनी आहे की जिचा जन्म १९९७ सालचा असून तिला आजही दरवर्षी परीक्षेला बसावे लागते. आणि ती नापास झाली तर घरातले सगळेच बसतात. ही विद्यार्थिनी म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, मॅटाडोर. तिच्या परीक्षेला आमच्याकडे ‘पासिंग’ म्हणतात. वर्गातल्या मैत्रिणींनी एकदा विचारले, “पासिंग म्हणजे नक्की काय गं?” तेव्हा मला नीट सांगता आले नाही. या लेखात ते सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी गाडीविषयी. आपण कोणत्याही छोट्या मालगाडीला सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो. पण हा शब्द मूळचा एका कारखान्याचा आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील हांबुर्गच्या टेम्पो कारखान्याशी सहकार्य करून तीनचाकी गाड्या काढल्या आणि त्यांचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. मॅटाडोर ही त्याच कंपनीची पुढची चारचाकी. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले आणि २००५ साली कंपनीचे नावही बदलले. आमच्या राजूरला मात्र ती अजून चालते. लग्नसराईत मांडवाचे बांबू आणि भांडी, पुढे कापूस, मोसंबी, आणि अंगारकीला राजुरेश्वराच्या पायथ्याच्या दुकानांसाठी नारळाची पोती. माझी कॉलेजची फी याच भाड्यातून भरली जाते.

आता कायद्याविषयी थोडे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५६ असे सांगते की, भाड्याने माल किंवा माणसे वाहणाऱ्या गाडीजवळ योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणीच वैध मानली जाणार नाही. म्हणजे गाडी दारात उभी आहे, इंजिन सुरू होते आहे, पण कागदावर ती गाडीच नाही! अपघात झाला तर विम्याचीही पंचाईत. घरच्या वापराच्या मोटारीला पंधरा वर्षे ही कटकट नसते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तपासणी असते. मालगाडीचे तसे नाही. नवी असताना दोन वर्षे, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर मरेपर्यंत दरवर्षी. जुन्या गाड्यांचे कौतुक करणारेही नियम आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी द्यायचे ठरवले; पण अशा गाडीने प्रदर्शनात आणि रॅलीत मिरवायचे, धंदा करायचा नाही. पोटासाठी राबणाऱ्या गाडीला वयाचा मान नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सगळ्या देशाची लाडकी. तिच्यातली शेवटची २००३ साली नोंदवलेली. वीस वर्षांची मर्यादा भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये तिलाही रस्त्यावरून उतरावे लागले. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून गाडीवरची ताडपत्री नीट केली.

पासिंगची तयारी महिनाभर आधी सुरू होते. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, आरसे हे सोपे. हेडलाइटचा झोत वर जाता कामा नये, म्हणून अंधार पडल्यावर गाडी शाळेच्या भिंतीसमोर उभी करायची आणि भिंतीवर खडूची रेघ ओढून झोत तिच्याखाली आणायचा. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी चमकणारी पट्टी लावायची. पेंटरकडून रंगाचा हात फिरवायचा आणि दारावर रिकाम्या व भरलेल्या गाडीचे वजन लिहून घ्यायचे. लहानपणी मला ती अक्षरे अण्णांची पदवी वाटत असे.

धुराची गोष्ट अवघड. डिझेलचा काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले इंधन. हवेची जाळी तुंबली की हवा कमी पडते; नोझल झिजले की डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबांनी पडते. दोन्हींचा परिणाम एकच. आमच्या वयाच्या गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज आहे. अण्णांनी नोझल जालन्याहून तपासून आणले, जाळी धुतली. काट्याने मर्यादेच्या आत राहण्याची कृपा केली.

राहिले टायर. येथे मला एक कबुली द्यायची आहे. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर उसने आणून लावायचे आणि संध्याकाळी परत करायचे, ही युक्ती आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. अण्णांनीही ती केली आहे. नव्या टायरांचे पैसे आणि माझ्या धाकट्या भावाची वह्या-पुस्तके यांत त्या त्या वर्षी जे निवडायचे ते निवडले. मी त्यांना नावे ठेवत नाही. पण ती गाडी दुसऱ्या दिवशी त्याच गुळगुळीत टायरांवर भरून निघत असे, हेही खरे.

२०२४ च्या मे महिन्यात पासिंग होते. आजवर अर्ज एजंट भरायचा आणि अण्णा तो दाखवील तेथे सही करायचे. त्या वर्षी अर्ज मी भरला, मोबाइलवरच तारीख घेतली. अण्णा चौथी शिकलेले. प्रत्येक रकाना वाचून घेत होते. पहाटे आम्ही जालन्याला निघालो. वाटेत भंगाराने भरलेले ट्रक दिसले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळया करतात, हे आपल्याला माहीत आहेच. अण्णा हसून म्हणाले, “पास झाली तर परत राजूर, न्हाई तर हितंच सळई.” मला हसू आले नाही.

निरीक्षकांनी प्रथम चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला. गाडी तीच आहे ना, याची ही ओळखपरेड. मग कागद, दिवे, पट्ट्या. इंजिनाकडे त्यांनी जेमतेम पाहिले. शेवटी ब्रेक. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर, राज्यातील परिवहन कार्यालयांत यासाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे असा आदेश दिला. त्याआधी ही तपासणी पुष्कळ ठिकाणी नावालाच असे. नियम असा की ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. आमची थांबली; पण थांबताना नाक डावीकडे वळवून थांबली. निरीक्षकांनी शांतपणे कागदावर दोष लिहिला आणि म्हणाले, “दुरुस्त करून आणा.” त्यांचे बरोबरच होते.

परत येताना अण्णा पुष्कळ वेळाने बोलले. “गाडी पळती का, हे कुणी इचारत न्हाई, माय. थांबती का, एवढंच इचारतेत.”

दोष असा होता. ब्रेकचा पेडल दाबला की तेलाचा दाब प्रत्येक चाकातल्या छोट्या सिलिंडरपर्यंत जातो आणि तो लायनर ड्रमवर दाबतो. आमच्या पुढच्या उजव्या चाकातल्या सिलिंडरचे रबर फाटले होते. तेल लायनरवर गळत होते; ते चाक धरतच नव्हते. डावे धरत होते, म्हणून गाडी डावीकडे ओढली जात होती. उसना टायर लावता येतो, उसना ब्रेक लावता येत नाही. कारखाना बंद झालेल्या गाडीचा सिलिंडर मिळवायला अण्णांनी जालन्याच्या भंगार दुकानांत दोन दिवस घालवले. ऐन लग्नसराईत दोन भाडी गेली. मग नवे लायनर, ड्रमला लेथवर हात आणि शेवटी नळ्यांतली हवा काढणे. हवा दबते, तेल दबत नाही, म्हणून नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल पोचट लागतो. त्यासाठी दोन माणसे लागतात. मी पेडलवर बसले, अण्णा चाकाखाली. “दाब... धर... सोड.” माझी पिंढरी भरून आली तेव्हा कुठे पेडल दगडासारखा कडक झाला.

त्याच आठवड्यात, २१ मे रोजी, बारावीचा निकाल लागला. मी पास झाले. घरी पेढे आले नाहीत, कारण गाडीचा निकाल बाकी होता. दुसऱ्या फेरीत मॅटाडोर सरळ रेषेत येऊन थांबली. पेढे त्या दिवशी आले. दोघींचे मिळून पाव किलो.

२०२५ साली ती पहिल्याच फेरीत, स्वतःच्या टायरांवर पास झाली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे तपासणी शुल्क वाढवले. वीस वर्षांवरील हलक्या वाहनाला १५,००० रुपये ठरवले. मी तो आकडा अण्णांना वाचून दाखवला. आईने विचारले, “मग इकायची का?” अण्णा म्हणाले, “पाहू.”

मे महिना आता दूर नाही. रविवारी मी घरी गेले तेव्हा गाडी जॅकवर होती, आणि पुढच्या उजव्या चाकाचा ड्रम उघडून अण्णा आत हात घालून बसले होते. मला पाहून म्हणाले, “बस गं जरा पेडलवर.”