फिशटँकचा फिल्टर आणि पिण्याचे पाणी

महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी भागात आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला एक प्रश्न विचारला जातो. फिशटँकचा जुना फिल्टर घरात पडून आहे, तो पाण्याच्या पिंपात लावला तर चालेल का? विचारणारा बहुतेक वेळा आयटीआय केलेला, हाताने काहीतरी जुळवणारा तरुण असतो. त्याला हसू नये. एका खोलीत पाच माणसे, कधी बोअरचे पाणी, कधी टँकरचे. जार रोज परवडत नाही आणि आरओ मशीन घ्यायचे म्हणजे पगाराचा मोठा भाग गेला. अशा वेळी माणूस घरात आहे त्यातून मार्ग काढणारच.

पण उत्तर नाही असेच आहे. ते का, हे नीट समजून घ्या.

फिशटँकच्या फिल्टरमध्ये साधारण तीन गोष्टी असतात: स्पंज, कोळसा आणि चिनीमातीच्या बारीक कड्या. स्पंज माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे अडवतो. कड्यांवर आणि स्पंजवर जिवाणू मुद्दाम वाढू दिले जातात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी असतो. हे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे हा डबा जिवाणू मारणारा नाही, तो जिवाणूंचे घर आहे. माशांसाठी ती उत्तम सोय आहे. त्याच ओलाव्यात आपल्याला आजारी पाडणारे जंतूही आरामात राहतात. त्यात लाईट गेली आणि पंप बंद पडला, की काही तासांत आतले जिवाणू हवेवाचून मरून सडू लागतात. पंप पुन्हा सुरू झाला की ती घाण पाण्यात उतरते.

नवा कोरा फिल्टर आणला तर? तरीही नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जुलाब करणारे जिवाणू एक ते पाच मायक्रॉनचे, विषाणू तर त्याहूनही कितीतरी लहान. स्पंजची छिद्रे डोळ्यांना दिसतात, म्हणजे जंतूंसाठी ती सताड उघडी दारेच. शिवाय तो प्लास्टिकचा डबा आणि त्यातला कोळसा पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला नसतो. जुन्या टँकमध्ये माशांची औषधे टाकलेली असतात, ती स्पंजमध्ये मुरतात. आणि विजेचा पंप बुडालेल्या पिंपात लेकरू पेला बुडवते, त्याचाही विचार करा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्लोरीनची. मासे पाळणारे नळाचे पाणी टँकमध्ये थेट ओतत नाहीत. आधी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकतात, कारण क्लोरीनने मासेही मरतात आणि ते कामाचे जिवाणूही. फिल्टरमधला कोळसाही क्लोरीन शोषून घेतो. आपल्याला नेमके उलटे हवे आहे. ग्राहकाच्या नळापर्यंत एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. पाण्याला येणारा तो किंचित वास म्हणजे आपला पहारेकरी. फिशटँकचा फिल्टर आधी त्यालाच घालवतो.

पाणी स्वच्छ दिसते ना, मग झाले, असे म्हणू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, पिंपरी-चिंचवडमध्येही काही होते. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून तो पोटात जातो. पाण्यात असला तरी डोळ्यांना दिसत नाही.

मग करायचे काय? गढूळ पाणी आधी गाळा. जुन्या सुती साडीच्या किमान आठ पदरी घडीतून गाळा. नव्यापेक्षा जुनी बरी, धुऊन धुऊन तिचे धागे फुगून छिद्रे बारीक होतात. बांगलादेशातल्या ६५ गावांत अशी गाळणी वापरून पाहिली, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळल्यावर घडी धुऊन उन्हात वाळवा. पण गाळणे ही फक्त पहिली पायरी आहे.

त्यानंतर उकळा. वीस मिनिटे उकळायला सांगतात आणि मग गॅस परवडत नाही म्हणून बायका उकळणेच सोडून देतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे आहे. तेही जमत नसेल तर मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन घाणीवरच खर्च होते, म्हणून आधी गाळणे. दोन्ही नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ दिसणारे पाणी भरून पत्र्यावर कडक उन्हात सहा तास आडवे ठेवा. ढगाळ असेल तर दोन दिवस. भांडे झाकलेले हवे आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचे.

पाण्याला तेलाचा किंवा केमिकलचा वास असेल, रंग असेल, तर यातला एकही उपाय चालणार नाही. उकळल्याने तर नायट्रेटसारखे क्षार आणखी दाट होतात. ते पाणी पिऊ नका, नमुना तपासायला द्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला वस्तीत बोलवा आणि ओटी टेस्ट आपल्यासमोर करायला लावा. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. विहारात सगळे जमतात तेव्हा हे करून घेतले तर प्रत्येक घराला कळेल. गावाला पाण्याचे कोणते कार्ड मिळाले आहे, हिरवे, पिवळे की लाल, हेही विचारा. भाड्याने राहतो म्हणून आपला हक्क कमी होत नाही.

जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नका. आणि जुलाब बरे झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पायात मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेनासा झाला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर मालिश, गावठी औषध यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात जा आणि आधी जुलाब झाले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.