एसटीनं जायचं, पायी हिंडायचं: किनाऱ्यावरच्या वाटा आणि दोन वेळापत्रकं

विषय किनाऱ्यावरच्या भटकंतीचा जाहीर झालाय, पण मी बराच वेळ वेळापत्रकांबद्दल बोलणार आहे. स्वतःची मोटार घेऊन कोकणात जाणाऱ्याला वेळापत्रक लागत नाही. एसटीनं जाऊन पायी हिंडणाऱ्याला दोन लागतात, एक डेपोचं आणि एक समुद्राचं. ती दोन्ही जुळली की दिवस सोन्यासारखा जातो. नाही जुळली तर भर दुपारी थांब्यावर बसून राहावं लागतं.

आधी एक शंका दूर करू. घरात गाडी असताना एसटी कशाला? खर्चाचं सोडा. चालणाऱ्याला मोटारीची अडचण अशी, की ती जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. दोन तास पुढे गेलात की तेच दोन तास मागे. किनारा काही गोल नसतो. तो एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जातो, आणि गंमत पुढच्या गावात पोचण्यातच असते. एसटीनं गेलात तर एका गावात उतरा, दुसऱ्यात चढा. मागे काही राहिलेलं नसतं.

आता डेपोचं वेळापत्रक. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. तेव्हापासून या सेवेचा कणा खेड्यातला प्रवासी आहे, शहरातला पर्यटक नव्हे. गावच्या माणसाला सकाळी तालुक्याला जायचं असतं: कचेरी, दवाखाना, बाजार, कॉलेज. संध्याकाळी त्याला घरी यायचं असतं. म्हणून सकाळच्या गाड्या गावातून बाहेर पडतात आणि संध्याकाळच्या गावात शिरतात. आपली गरज नेमकी उलटी. आपल्याला सकाळी गावात शिरायचंय.

यावर उपाय त्याच वेळापत्रकात आहे. त्याला वस्तीची गाडी म्हणतात. ती संध्याकाळी डेपोतून निघते, शेवटच्या गावात मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी लोकांना घेऊन परत फिरते. आपण आदल्या संध्याकाळी तिच्याबरोबर जावं, गावात कुणाकडे तरी घरगुती राहावं आणि उजाडताच चालायला लागावं. तुम्ही तिच्याबरोबर आलात हे अर्ध्या गावाला कळलेलं असतं, हाही एक फायदाच. (हशा)

दुसरी खोच रविवारची. खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी चालतात. शाळेला सुट्टी म्हणजे त्या फेरीलाही सुट्टी. आपण शहरातले लोक नेमके रविवारीच निघतो. तेव्हा स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर नुसतं ‘गाडी कितीला?’ असं विचारू नका. वस्तीची कुठली, शाळेची कुठली, परतीची शेवटची कुठली, आणि ती रविवारी धावते का, असे चार प्रश्न विचारा. खिडकीतला माणूस वर बघून नीट उत्तर देतो, कारण तुम्हाला विषय कळतो हे त्याच्या लक्षात येतं. मग शेवटच्या गाडीपासून उलटं मोजत या आणि चाल ठरवा.

आता समुद्राचं वेळापत्रक. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगतात. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तीननं गुणून चारनं भागायचं. येईल त्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी आहे असं धरा. चार त्रिक बारा, भागिले चार, आले तीन. म्हणजे रात्री तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. भरतीनंतर सहा तास आणि थोड्या मिनिटांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच, आणि प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवरचा तक्ता जरूर बघा, पण हिशेब येत असला की तक्ता कुठल्या बंदराचा आहे, सकाळचा की रात्रीचा आकडा आपण वाचतोय, हे चटकन कळतं.

यातून चालणाऱ्यासाठी एक गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप आत जातं खरं, पण ओहोटी पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. भर सकाळी पाणी चढतंच असतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं मागे हटतच नाही. तृतीया ते षष्ठी या तिथी, दोन्ही पक्षांतल्या, मला सगळ्यांत सोयीच्या वाटतात. ओहोटी सकाळी साडेआठ ते पावणेअकराच्या दरम्यान येते. तिच्या दोन तास आधी निघायचं आणि पाणी परत फिरलं की तासा-दीड तासात संपवायचं. चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत एक मैल चालून बघा, पोटऱ्या दोन दिवस आठवण ठेवतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यात अलिबागहून रेवदंड्याकडे रस्ता जातो. सुरुवात अलिबागच्या किनाऱ्यावरून करू नका, कारण अलिबाग आणि आक्षी यांच्यामध्ये खाडी आहे. रेवदंड्याची किंवा मुरुडची साधी गाडी पकडा आणि आक्षीला उतरा. इथे आधी शिलालेख बघा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. शाळेत आपण श्रवणबेळगोळ पाठ केलं आणि हा आपल्या एसटीच्या रस्त्यावर बरीच वर्षं उघड्यावर उभा होता.

मग सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरा आणि दक्षिणेकडे, नागावच्या दिशेनं चाला. या पट्ट्याची मोठी सोय अशी, की एसटीचा रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्या वाड्यांमधून थोड्या-थोड्या अंतरावर आळ्या किनाऱ्यापर्यंत येतात. पाय दुखले, ऊन चढलं, पाणी वाढलं, तर कुठल्याही आळीत वळा, रस्त्याला लागाल. साध्या गाडीला हात दाखवला तर ती थांबते, ते धोरणच आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं असाच समांतर रस्त्याचा किनारा निवडावा.

नागावला वर येऊन पुन्हा गाडी धरा आणि चौलला उतरा. रामेश्वराचं देऊळ आणि समोरची पुष्करणी बघून रेवदंड्यापर्यंत रस्त्यानंच चालत जा. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौलच्या बंदरात उतरला आणि खुष्कीनं जुन्नरकडे गेला. रेवदंड्यात तर एसटीचा रस्ता पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातून जातो.

रत्नागिरी जिल्ह्यातला किनारा वेगळा आहे. तिथे गावं डोंगराच्या कुशीत, रस्ता वर सड्यावरून, आणि दोन पुळणींच्या मध्ये खडकाचं नाक. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी हा भाग असा आहे. नाकाला वळसा घालून पाण्याच्या कडेनं जाण्याचा मोह टाळा. पाखाडीनं वर सड्यावर या आणि पलीकडे उतरा. वाट गावकऱ्यांची असते, कुणाच्या तरी गडग्याला लागून जाते, तेव्हा विचारून जावं आणि बेडं उघडलं असेल तर लावून घ्यावं. खाडी आडवी आली तर दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट असते. दापोलीहून एसटीनं दाभोळ, बोटीनं धोपावे, पुन्हा एसटीनं गुहागर, हा प्रवास एखाद्या चालीइतकाच रंगतो.

पावसाळ्यात मात्र किनाऱ्यावरून चालू नका. जून ते सप्टेंबर सडे हिरवे असतात, तिकडे जा.

आता थोडं कटू बोलतो. एसटीत भारमान नावाचा शब्द आहे. गाडी किती भरली, याचा तो आकडा. भारमान घसरलं की फेरीवर संक्रांत येते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, आणि त्या काळात अनेकांना दुसरी सवय लागली. एखाद्या गावाची दुपारची फेरी बंद झाली तर आपली एक चाल रद्द होते, एवढंच. पण त्या गावातल्या अकरावीतल्या मुलीचं कॉलेज अडतं. मिनीडोअर भरेपर्यंत ती थांबते किंवा जायचं सोडते. आपण चार-सहा जण तिकीट काढून चढलो म्हणून फेरी वाचेलच असं मी म्हणत नाही. पण जाताना एसटी आणि येताना घाई म्हणून दुसरं वाहन, असं करू नका. परतीच्या गाडीतल्या रिकाम्या जागाही मोजल्या जातात.

सवलतींचं एका वाक्यात: महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढे राज्याच्या हद्दीत मोफत. आणि चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढता येतो.

एक चिठ्ठी आली आहे. ‘माझं वय ७७. गुडघे बरे आहेत पण चढ नको. कुठून सुरुवात करू?’

काका, गुहागर. चिपळूणहून गाड्या आहेत. स्टँडवर उतरलात की किनारा अगदी जवळ, चढ अजिबात नाही, आणि पुळण पाचेक किलोमीटरहून लांब. असगोलीच्या दिशेनं पाऊण तास जा, पाऊण तास परत या. पाणी उजव्या हाताला राहील जाताना. किनारा उतरता असतो, त्यामुळे एक गुडघा जास्त काम करतो, तर येताना ओल्या वाळूच्या सपाट पट्टीवरूनच चाला. परत आल्यावर व्याडेश्वराच्या देवळात बसा. आणि आधार कार्ड बरोबर असू द्या, कंडक्टर विचारतोच.