निफास समजून दुर्लक्ष नको : बाळंतपणानंतरचा धोक्याचा रक्तस्राव कसा ओळखायचा?

बाळंतपणानंतर रक्त जातंच, हे आपल्याकडे लहानथोर सगळ्या बायकांना माहीत असतं. हनफी मसलकात निफासची कमाल मुदत 40 दिवसांची, शाफईंमध्ये, म्हणजे आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांत, 60 दिवसांची. नमाज-रोज्याचे मसले घरात नीट समजावले जातात. पण निफास किती दिवस, एवढंच सांगितलं जातं. किती रक्त जाणं ठीक आणि कुठून पुढे जिवाला धोका, हे फारसं कुणी सांगत नाही. "निफास आहे, होतंच असं" म्हणून झोपवून ठेवलेली बाळंतीण काही तासांत हाताबाहेर जाऊ शकते. जगभरात बाळंतपणातल्या मृत्यूंमागे रक्तस्राव हे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे.

शरीरात होतं काय? दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असतं. वार पडली की गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतं. ते आवळलं नाही, वारेचा तुकडा आत राहिला किंवा कुठे फाटलं, तर रक्त थांबत नाही. जुळी, खूप मोठं बाळ, लांबलेल्या कळा असल्या की धोका वाढतो. पण काहीही कारण नसलेल्या, आधी दोन-तीन नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बाईलाही हे होऊ शकतं. "हिला तर कधी त्रास झाला नाही" यावर म्हणून विसंबता येत नाही.

बाळंतपणानंतर 500 मिलीलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो जादा रक्तस्राव, अशी वर्षानुवर्षांची व्याख्या आहे. अडचण अशी की चादरीत, कापसात, जमिनीवर सांडलेलं रक्त नजरेनं मोजता येत नाही. अनुभवी नर्ससुद्धा बहुतेक वेळा कमीच धरतात. यावर एक साधी वस्तू आहे : बाळंतिणीच्या खाली पसरायचं प्लास्टिक, त्याला खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी. रक्त पिशवीत जमतं आणि किती गेलं ते दिसतं. हे काम आपल्या शेजारीच, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं. तिथं 1,620 बायकांच्या अभ्यासात रक्त असंच मोजलं गेलं. बाळ जन्मल्यावर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तेव्हा जादा रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मोठी मशिनरी नाही, ऑपरेशन थिएटर नाही!

पुढे हीच पिशवी केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 80 रुग्णालयांत वापरून पाहिली. रक्त मोजायचं, आणि जास्त दिसताच वाट न बघता पोट चोळणं, गर्भाशय आवळणारं औषध, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच करायचं. 2 लाखांहून अधिक बाळंतपणांच्या या अभ्यासाचा निकाल 2023 मध्ये आला : गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू, यांचं एकूण प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. गरीब देशांतल्या साध्या रुग्णालयांत हे जमलं, तर आपल्या वस्तीतल्या प्रसूतिगृहात का जमू नये? नाव घालायला जाताना "इथं रक्त मोजतात का, गरज पडली तर रक्त कुठून आणता?" हे विचारायला लाजायचं कारण नाही.

घरी आल्यावर मात्र नजर आपलीच. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं, चक्कर, थंड घाम, छातीत धडधड, अंगाला वास येणारं स्रावाबरोबरचा ताप, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. पहिल्या 24 तासांत धोका सर्वांत जास्त असला तरी तो पुढचे काही आठवडे राहतो. नॉर्मल निफासचं रक्त हळूहळू कमी होतं, रंग फिका होत जातो. कमी झालेलं रक्त अचानक पुन्हा लाल आणि भरपूर सुरू झालं तर थांबू नका.

ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला थोडं गेलेलंही सोसत नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे अॅनिमिया, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायका अॅनिमियात आहेत, असं 2019-21 चं राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण सांगतं. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, रोज एक, 180 दिवस. पण त्या चहाबरोबर घेतल्या की लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे चहा किती वेळा होतो ते सांगायला नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा दोन तासांनी. मळमळ होते, शौच काळी होते, म्हणून सोडू नका.

उरतो उशीर. शौहर गल्फमध्ये किंवा कामावर, सही कोण करणार, म्हणून घरात थांबून राहतात. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी आहे. दुसरं कारण लेडी डॉक्टर नसणं. लेडी डॉक्टर मागणं रास्तच आहे, तपासणीला जातानाच मागा. पण जीव धोक्यात असताना पुरुष डॉक्टरने तपासायला फिक्हमध्ये मुभा आहे, शंका असेल तर मौलानांना आठव्या महिन्यातच विचारून घ्या, ऐन वेळी नको.

सरकारी रुग्णालयात डिलिव्हरी, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. गाडीसाठी 102 किंवा 108. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर माता-बाल कार्ड सासरी विसरू नका, रक्तगट त्यावरच लिहिलेला असतो. त्या रक्तगटाचे दोन भाऊ-चुलतभाऊ कोण, हे आधीच ठरवून ठेवा. आणि डिलिव्हरी झाली की "घरी पाहुणे आलेत" म्हणून त्याच संध्याकाळी सुट्टी मागू नका, 48 तास दवाखान्यातच राहू द्या.