निर्णय कोणाचा, दोष कोणाचा : ताराबाई शिंदे ते गर्भलिंगनिदानबंदी

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या 1882 च्या पुस्तकाला सुरतेतील एका ब्राह्मण विधवेवर चाललेल्या अर्भकहत्येच्या खटल्याची पार्श्वभूमी होती. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद करणारा समाज आणि तिला फसवणारा पुरुष नामानिराळे राहतात, दंड मात्र एकट्या स्त्रीला होतो, हा त्यांचा आक्षेप होता. याच जाणिवेतून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. जन्म, मृत्यू, उपचार आणि संशोधन यांतील योग्यायोग्यतेचा विचार करणारे जैवनीतिशास्त्र तेव्हा विद्याशाखा म्हणून उभे राहिले नव्हते. त्यातील एक कळीचा प्रश्न मात्र बुलढाण्याच्या या लेखिकेने निर्भयपणे मांडला होता.

पुढे प्रश्न अर्भकाकडून गर्भाकडे सरकला. गर्भाशयातील पाण्याचा नमुना तपासून आनुवंशिक दोष ओळखणारी गर्भजल परीक्षा 1970 च्या दशकात भारतात आली आणि लवकरच मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतील स्त्रीसंघटना व आरोग्य कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने 1988 मध्ये या वापराविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा 1994 चा कायदा 1996 पासून लागू झाला, पण तो कागदावरच राहिल्याने ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बंदीखाली आली.

स्वायत्तता, म्हणजे स्वतःच्या शरीराविषयी स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार, हे जैवनीतिशास्त्राचे मूलतत्त्व मानले जाते. अपत्याचे लिंग निवडणे हा त्याच व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा एका दांपत्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळला, आणि ते योग्यच झाले, कारण मुलगा हवा म्हणून घरातून दबाव येत असताना स्त्रीने दिलेल्या होकाराला मुक्त संमती म्हणता येत नाही. कायद्याच्या कलम 24 नुसार, विरुद्ध पुरावा नसल्यास, पतीने अथवा नातेवाइकांनी गर्भवतीला भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते आणि अशा स्त्रीला शिक्षा होत नाही. ताराबाईंच्या आक्षेपाची इतकी स्पष्ट दखल कायद्यात क्वचितच घेतली गेली आहे.

तरीही बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 च्या जनगणनेत 908 असलेल्या मुली 2011 मध्ये 855 वर आल्या. दुसरीकडे 1971 च्या कायद्याने गर्भपाताला सशर्त मुभा दिलेली आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी तिची मर्यादा 24 आठवड्यांपर्यंत वाढवली आहे. लिंगनिवडीविरुद्धच्या कारवाईच्या धास्तीने डॉक्टर कायदेशीर गर्भपातही नाकारू लागले, तर त्याची झळ ग्रामीण, गरीब स्त्रीलाच सर्वाधिक बसते, आणि दोन्ही कायदे राबवणाऱ्या यंत्रणेने हा भेद कसा सांभाळावा, यावर आरोग्य कार्यकर्त्यांमधील वाद आजही चालू आहे.